थाप मारणार असाल तर आधी सांगा

दिवाळीत अंथुर्ण्याला गेलो तर काकू प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवायला लागलेली. गॅस बंद केला, दूध घातलं, सगळं. चौकशी केल्यावर कळलं की कुठल्याशा कॉलेजची मुलं येऊन 'स्मरणशक्तीची चाचणी' घेऊन गेली होती आणि काकूला दहापैकी तीन मार्क पडले होते. मार्क खोटे होते! कमी मार्क ऐकल्यावर माणूस पुढचं कोडं किती वेळ सोडवत बसतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. खुलासा दिला होता म्हणे, पण इंग्रजीत छापलेल्या कागदावर. काकूनं तो घडी करून देवघरात ठेवलेला.

मी वाचून दाखवला तर म्हणाली, "आधी म्हणायचं की यात एखादी थाप असंल. तरी बसले असते की मी."

मानसशास्त्रवाल्यांना हीच तर भीती असते. सांगितलं की लोक सावध होतात आणि प्रयोग वाया जातो. 1961 मध्ये येलला मिलग्रॅमने विजेचे झटके खोटे आहेत असं सांगितलं असतं तर काय उरलं असतं? कबूल. पण थाप कुठली ते सांगूच नका ना! "यातलं काही खरं नसेल, संपल्यावर सगळं सांगू, चालेल का?" एवढंच विचारा. उसाच्या वजनकाट्यावर भरारी पथक येणार हे कारखान्याला ठाऊक असतंच, कधी ते नसतं.

2014 साली दिल्लीत क्षयरोगाच्या एका अभ्यासात शिकवून तयार केलेले खोटे पेशंट खाजगी दवाखान्यांत पाठवले होते. आधी 100 डॉक्टरांची (त्यात बिनडिग्रीवालेही आले) संमती घेतली. म्हणजे असा पेशंट येणार हे माहीत, तरी ओळखले गेले जेमतेम 5 टक्के! पुढे 2014-15 मध्ये मुंबई आणि पाटण्यात अशा 2,602 भेटी झाल्या. तिथे मात्र संमतीची अट माफ झाली. तेही मला एक वेळ पटतं, डॉक्टर पैसे घेऊन धंदा करतो. काकू कुठे करते?

आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांत अशा फसवणुकीला जागा आहे, पण समितीची मंजुरी आणि नंतरचा खुलासा हवाच. कळेल अशा भाषेत, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या हापिसात सिक्युरिटीवाले मुद्दाम खोट्या फिशिंग मेल पाठवतात. जॉइन होतानाच तसं सांगतात. तरी दर वेळी कुणीतरी क्लिक करतोच. गेल्या महिन्यात तर टीम लीडनेच केलं.