हरिपूरची पेवे

वाचकहो, हळद घेऊन किंवा दुसऱ्या काही कामाने सांगलीला गेलात, तर दोन घटका काढून हरिपूरला जाऊन या. गाव शहराला लागूनच आहे. वाटेवर जुन्या चिंचांची सावली आहे, पुढे कृष्णा-वारणेचा संगम आणि काठावर संगमेश्वराचे देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. पण आपण शेतकरी माणसे. आपल्याला पाहण्यासारखे तिथे जे आहे, ते जमिनीखाली आहे.

मी पहिल्यांदा गेलो तो पाहुण्यांकडे, लग्नाला. संध्याकाळी माळावर फिरताना यजमान म्हणाले, "जपून चाला, पायाखाली हळद आहे." मला थट्टाच वाटली. मग त्यांनी मातीने लिंपलेली तोंडे दाखवली. माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत मात्र रांजणासारखे पोट, 20-25 फूट खोल. आतून शेणामातीने सारवायचे, तळाला व कडेला उसाचा पाला आणि चटया लावायच्या, शिजवून वाळवलेली हळद ओतायची आणि तोंड लिंपून बंद करायचे. अशी शेकडो पोती एका पेवात मावत. दोन-तीन वर्षांनी काढली तरी किडीचे भोक नाही. तिथली माती घट्ट. ढासळत नाही, पाणी झिरपू देत नाही. म्हणून हा धंदा या गावी रुजला.

आता तुम्ही विचाराल, पुरलेली वस्तू कुजत कशी नाही? आपल्या उकिरड्याकडे पाहा. तिथे ओल आहे, हवा आहे, ऊब आहे. म्हणून पाचोळ्याचे खत होते. पेवात माल वाळलेला असतो, म्हणजे बुरशीला ओल मिळत नाही. आतली थोडकी हवा किडे आणि मालाचा श्वास यांतच संपते, तिच्या जागी कर्बवायू साठतो आणि किडे गुदमरून मरतात. खोल मातीत उन्हाळा-हिवाळाही फारसा पोचत नाही. पण यातले एक जरी बिघडले तरी गणित फसते.

ते आमच्या घरी फसले होते. आजोबांचे ज्वारीचे पेव होते. एका वर्षी अवकाळी पावसाने खळ्यातली रास भिजली. ढग पुन्हा दाटलेले, म्हणून दोन उन्हे देऊन घाईने ज्वारी आत घातली. पेव उघडले तेव्हा आंबूस वास वाड्याबाहेर गेला. कडेची ज्वारी ढेकळासारखी काळी झालेली, मधली उबट. गुरांनीही तोंड लावले नाही. त्या साली आजीने भाकरीसाठी शेजारून पायलीपायलीने ज्वारी आणली. आजोबा पुढे दाणा दाताखाली धरून कट्ट वाजल्याखेरीज रास हलवू देत नसत.

जो वायू कीड मारतो तोच माणसालाही मारतो, हे मात्र विसरू नका. हरिपूरला पेव उघडले की काही तास तसेच ठेवत. मग दोरीने कंदील सोडत. विझला तर कुणी उतरायचे नाही. माझे मत विचाराल तर, कंदील जळत राहिला म्हणूनही उडी घेऊ नये. हवा नीट खेळू द्यावी, कमरेला दोर बांधावा, वर दोन माणसे ठेवावीत. घरोघरच्या जुन्या पेवांना आणि बंद विहिरींनाही हेच लागू.

2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले. इतकी वर्षे जी हळद हवेविना, ओलीविना टिकत होती, ती पाण्याने कुजली. कितीतरी पेवे ढासळली. 2019 ला पुन्हा पूर आला. आता बराचसा माल गुदामांत आणि शीतगृहांत जातो. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या पेवांचाही बोलबाला झाला.

पुरानंतर मी पुन्हा गेलो. जन्मभर पेवे भरलेला एक म्हातारा हमाल भेटला. एकेक जागा दाखवत होता. हे बुजलं, हे खचलं, यात पाणी राहिलं. एका शाबूत तोंडाशी मी वाकून पाहू लागलो, तर त्याने दंड धरून मागे ओढले.

"पाव्हणं, घाई नगा करू."

मग त्याने स्वतःच झाकणावर काठी आपटली. खालून पोकळ आवाज आला.

"रिकामंच हाय," तो म्हणाला, "पर सवय जात न्हाई."