फुलपाखरू हवं, अळी नको

फुलपाखरं यावीत म्हणून लोक हौसेनं घाणेरी, पेंटास, एक्झोरा लावतात आणि बाजूच्याच कुंडीतल्या कढीपत्त्यावर अळी दिसली की फवारणीची बाटली शोधतात. या प्रकाराची मला अजूनही चीड येते. मध प्यायला फुलपाखरू कुठूनही येतं आणि निघून जातं. अंडी घालायला मात्र मादीला ठरावीक झाडच लागतं. पुढचे पाय पानावर आपटून ती त्याची चव घेते आणि पान पसंत पडलं तरच पोट वळवून अंडं चिकटवते. लाइम फुलपाखराला लिंबू, कढीपत्ता किंवा बेल हवा, प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला कण्हेर. यांतलं काहीच नसलेल्या बागेत जी फुलपाखरं भिरभिरतात ती दुसऱ्या कुणाच्या तरी पानांवर वाढलेली असतात. महाराष्ट्रानं 2015 साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, त्याचं कौतुक झालं. पण त्याचीही अळी लिंबाच्या जातीचीच झाडं खाते आणि तिथं ती सापडली की तिची ओळख ‘कीड’ एवढीच.

यावर पहिला आक्षेप किळसेचा. त्यावर उपाय एकच, अळी जवळून बघणं. लाइमची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते, आणि तिला बोट लागलं तर डोक्यामागून केशरी दुहेरी शिंग बाहेर पडून उग्र, आंबूस वास सुटतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: झाडाचं काय? रोपवाटिकेतली किंवा नुकती लावलेली लिंबाची रोपं या अळ्या पार ओकीबोकी करतात, आणि ज्याचं पोट बागेवर आहे त्याला ‘खाऊ द्या हो’ सांगणं उद्धटपणाचं होईल. पण घरच्या मुरलेल्या कढीपत्त्याची गोष्ट वेगळी. तो छाटला तरी जोमानं फुटतो, मग दोन फांद्या गेल्या तर काय बिघडलं? शिवाय ज्या पानांची फोडणी द्यायची त्यांच्यावरच विष मारायचं, हे तर्कात बसत नाही. रोप अगदीच कोवळं असेल तर अळ्या हातानं उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

उलट्या टोकाची माणसंही आहेत. ती प्रत्येक अळी बरणीत ठेवून ‘वाचवतात’. हेतू चांगला, हिशेब चुकीचा. एका मादीनं शंभरेक अंडी घातली आणि सगळीच तगली, तर काही पिढ्यांत पान शिल्लक राहणार नाही. संख्या टिकायला त्यांतली सरासरी दोन जगली तरी पुरतात. बाकीच्यांवर शिंपी आणि बुलबुल पिल्लं वाढवतात, कोळी जगतात, परजीवी गांधीलमाश्या त्यांच्यात अंडी घालतात. त्यामुळे कोशाला बारीक गोल भोक पडून आतून फुलपाखराऐवजी इवल्या माश्या निघाल्या, तर तोही बागेचाच हिशेब. हे मला पटतं, इतरांना पटवूनही देता येतं. तरीही कोवळ्या, अजून मऊ असलेल्या कोशाभोवती अशी माशी घिरट्या घालू लागली की तिला हाकलायला हात उठतोच, आणि त्या हाताला कुठलाही युक्तिवाद आवरत नाही.