केअर ऑफ ५६ एपीओ

दादाच्या पत्त्यात गाव नाही. नाव, हुद्दा, पलटण आणि शेवटी लष्करी टपालाचं ‘५६ एपीओ’. तो बर्फात आहे की वाळवंटात, हे त्यावरून कळत नाही, कळूही नये. फोनवर विचारायची सोय नाही. मग उरतं एवढंच: जेवलास का, थंडी आहे का, आईचा गुडघा कसा आहे. तेवढं झालं की दोन्हीकडं नुसता श्वास ऐकू येतो. ज्याच्याशी संसार मांडला त्याच्याशी बोलायला विषय सापडू नये, हे वहिनीला फार लागायचं.

आमच्या सातारा जिल्ह्याला ही ताटातूट नवी नाही. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे ४६ जण कामी आले. इंग्रजांनी त्यांच्या नावे लावलेला दगड गावात आहे, आणि गावाच्या नावामागंच ‘मिलिटरी’ लागलं आहे. तिथल्या बायकांनी पत्राची वाट बघितली, आणि ते पत्रही सेन्सॉरच्या नजरेखालून यायचं.

आमच्या घरी पत्राच्या जागी पब्जी हा फोनवरचा खेळ आला. पलटण नेटवर्क असलेल्या ठाण्यावर होती, तेव्हा पुतण्यानं बापाला खेळ शिकवला. शंभर जण विमानातून उड्या टाकतात, वर्तुळ आवळत जातं, शेवटी एकच तुकडी उरते. मला ते बघवेना. दिवसभर रायफल वागवणाऱ्या माणसानं रात्री पुन्हा बंदूक का धरावी? पण कानावर येत होतं ते निराळंच. ‘पप्पा, माझ्या मागं या.’ ‘पडलास व्हय? हलू नको, आलो मी.’ एरवी फोनवर ज्यांना दोन वाक्यं सुचत नसत, ते बापलेक तासभर एकमेकांची काळजी घेत होते. पडलेल्याला सोबत्यानं वेळेत गाठलं तर तो उठतो, असा खेळाचा नियम. जिंकत आलेला डाव गेला तरी चालेल, पोरगं पडलं की दादा धावत सुटायचा. मला त्या खेळाबद्दल आजही माया वाटते ती एवढ्यासाठी.

खेळात मात्र अर्ध्या तासात सगळं उरकतं. चौकीवर रात्रीमागून रात्री काहीच घडत नाही. काही घडू नये म्हणूनच तर माणूस तिथं जागा असतो! हे त्या पोराला कोण सांगणार?

मग २०२० उजाडलं. जूनमध्ये लडाखमधल्या गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० जवान कामी आले. जुलैत लष्करानं जवानांना फोनमधून ८९ अॅप काढायला सांगितली. त्यात फेसबुक होतं, पब्जीही होता. २ सप्टेंबरला सरकारनं देशभरच पब्जी बंद केला. गावातली पोरं हळहळली. पुतण्या मात्र बातम्यांमध्ये लडाखचा नकाशा दिसला की उठायचा नाही.

दादा सुट्टीवर आला तेव्हा पोरानं खेळाचं नाव काढलं नाही. जेवताना त्यानं विचारलं, ‘पप्पा, पहाऱ्यावर झोप आली तर काय करता?’

दादा त्या रात्री पुष्कळ बोलला. ओले मोजे कसे वाळवायचे, उंचावर डाळ शिजता शिजत नाही, बर्फावरच्या उन्हानं डोळे कसे जळतात. वहिनी तव्यावरची भाकरी उतरवून पुढं येऊन बसली.

‘आणि पाय बधिर झाले तर बघतं कोण?’

‘शेजारचा,’ दादा म्हणाला. ‘त्याचे मी बघतो.’