बॅग वर कुणी नेली?

‘रूम तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही,’ मालकीणबाई हसत म्हणाल्या. रिसेप्शन म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, त्यावर पितळी घंटा आणि शेजारच्या खुर्चीत झोपलेलं मांजर. किल्ली चांगली वीतभर लांब. मी जाम खूश! याचसाठी तर प्रागहून तीन तास बसने चेस्की क्रुमलोव्हला आले होते.

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेचं हे चिमुकलं गाव. व्लतावा नदीने जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय. कड्यावर किल्ला, खाली लाल कौलांची दाटी. १९९२ पासून गाव ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि माझं हॉटेल? सोळाव्या शतकातलं घर. जमीन इतकी उतरती की टेबलावर ठेवलेलं पेन घरंगळत थेट खिडकीशी. तुळई इतकी खाली की पहिल्याच रात्री दोनदा कपाळमोक्ष. बाथरूम शोधत कपाट उघडलं, तर आत बाथरूमच!

पटापट फोटो काढले आणि आईला पाठवले. खाली लिहिलं, ‘बघ, जुनी घरं अशी जपतात.’

हा टोमणा होता. शनिवार पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय. बाबांच्या वाट्याच्या दोन खोल्यांमुळे संमतीपत्रावर माझीही सही लागते. काका, आत्या, भाडेकरू, आई, सगळ्यांच्या सह्या झाल्या. मी मात्र चार महिने ‘वारसा, वारसा’ करत अडून बसलेली. तेही कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे लिफ्ट आहे.

आईचा लगेच फोन आला.

‘छान आहे गं. बॅग वर कुणी नेली?’

‘मीच.’

‘दोन दिवस चढशील तो जिना. मी आमचा एकतीस वर्षं चढतेय.’

मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी गाव पायी पालथं घातलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत इथे बहुतेक लोकवस्ती जर्मन भाषिकांची होती. युद्धानंतर त्यांना देशाबाहेर घालवलं गेलं. पुढे कम्युनिस्ट राजवटीत कित्येक घरं नुसती पडून राहिली. १९८९ नंतर डागडुजी झाली, रंग आले, पाठोपाठ पर्यटक आले. आता खाली सोव्हेनियरची दुकानं, वर आमच्यासारखे पाहुणे. संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्या आणि मी खिडक्या पाहत हिंडले. फारच थोड्यांत दिवे होते. वाळत घातलेला एकही टॉवेल दिसला नाही.

कातेर्झिना शेदा या चेक कलाकार बाईंनी २०१८ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. त्यांनी पगार देऊन काही कुटुंबं या जुन्या गावात राहायला आणली. त्यांचं काम काय, तर साधं आयुष्य जगायचं! म्हणजे घरं टिकली होती, घरपणासाठी माणसं नोकरीवर ठेवावी लागली.

रात्री मालकीणबाईंना विचारलं, ‘तुम्ही वर कुठल्या मजल्यावर राहता?’

त्या मोठ्याने हसल्या. ‘इथे? छे! गावाबाहेर माझा फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, घर गरम राहतं. माझे गुडघे बघा.’

आईही अगदी असाच गुडघ्यावर हात ठेवते.

खरं सांगू? त्या रात्री झोप लागली नाही. मला वाडा हवा होता तो फोटोसाठी, दिवाळीतल्या एका दुपारसाठी. पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखाली बादली ठेवायला मी तिथे कुठे असते? वारसा माझा आणि जिना आईचा, अशी ही सोयीस्कर वाटणी होती.

सकाळी बॅग उतरवताना पायऱ्या मोजल्या. बेचाळीस. आमच्या वाड्याच्या किती आहेत, मला माहीतच नव्हतं.

परत आल्यावर मोजल्या. बावीस. मग सही केली. वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. जिन्याचा एक फोटो काढायचा होता. आईला म्हटलं, ‘वरच्या पायरीवर उभी राहा ना, एकदाच.’

ती खालूनच म्हणाली, ‘तूच उभी राहा. मी इथून काढते.’