गुणायचं की भागायचं?

चि. सोनू,

अणदूरची तुझी सातवीची मुलं शाब्दिक उदाहरण पुरतं वाचायच्या आतच ‘बाई, गुणायचं की भागायचं?’ विचारतात, असं तू लिहिलंस. ही सवय सगळीकडची आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं: सैनिक 1128, एका बसमध्ये 36 मावतात, तर बस किती लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, पण 32 हे उत्तर चौथ्या हिश्श्यानेही दिलं नाही. कित्येकांनी ‘31, बाकी 12’ लिहिलं. उरलेले बारा सैनिक त्यांना दिसलेच नाहीत!

म्हणून पहिल्या वाचनाला आकडे झाकून ठेव. काय घडतंय ते मुलांना आपल्या शब्दांत सांगू दे.

गावचंच गणित घाल. खंडोबाची मूर्ती वर्षात काही काळ अणदूरला, काही काळ नळदुर्गला असते; दोन्हीकडचा मुक्काम मिळून 12 महिने. अणदूरचा साडेआठ महिन्यांनी जास्त. कुठे किती? सव्वादहा आणि पावणेदोन हे तिथल्या पोरांना ठाऊकच असणार, म्हणून तर मला हे गणित आवडतं. उत्तराची घाई नाही, वाट तेवढी शोधायची. कुणी दोन पट्ट्या काढेल, जास्तीचे साडेआठ वगळून उरलेल्या साडेतीनचे दोन सारखे भाग करील. कुणी 10 आणि 2 धरून पाहील. फरक 8 येतो, अर्धा महिना कमी पडतो. मग दोनातला पाव महिना काढून दहात घालील. त्याला अंदाजपंचे म्हणून गप्प करू नकोस. भास्कराचार्यांच्या 1150च्या ‘लीलावती’त मानलेल्या संख्येवरून खऱ्या संख्येकडे जाण्याची रीत आहे, इष्टकर्म. बेरीज आणि फरकावरून दोन संख्या काढणं म्हणजे संक्रमण, तेही तिथे आहे. शेवटाकडून उलट येणंही आहे.

जॉर्ज पोल्यांनी 1945 साली ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’मध्ये चार पायऱ्या मांडल्या: समजून घेणं, बेत आखणं, तो पार पाडणं, मागे वळून पाहणं. त्या फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नकोस, त्याने काही साधत नाही. चौथी पायरी मात्र तास संपला म्हणून सोडू नकोस. पट्टीवाल्याला अंदाजवाल्याची रीत समजावून सांगायला लाव. दोन रिती शेजारी ठेवल्या की कुठली कुठे चालेल हे मुलं आपणच बोलू लागतात. शिष्यवृत्तीच्या सरावासाठी दहा गणितं उरकण्यापेक्षा तासाला एकच घे. पालक कुरकुर करतील, करू देत.

वह्यांचे फोटो पाठव, खाडाखोड झालेल्या पानांचे आधी.

तुझी आत्या