गच्ची कोणाची?

कार्बन डायऑक्साइड हा मोठा सभ्य वायू आहे. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि वसुलीसाठी तो दारात येऊन उभा राहत नाही. म्हणूनच त्याच्याविषयी धोरण आखणं सोपं आणि पाळणं कठीण.

आम्हां बदलापूरकरांची त्याच्याशी गाठ पडते ती विजेच्या बिलात. आपली बरीचशी वीज कोळशाची. त्यामुळे एक युनिट जाळलं की देशाच्या सरासरीने ७०० ग्रॅमच्या आसपास वायू हवेत जातो. महिन्याला २०० युनिटं म्हणजे १४० किलो! एवढे तांदूळ घरात आले तर आम्हांला गॅलरीत झोपावं लागेल. वायू मात्र तिकडे चंद्रपूरच्या आकाशात बिनबोभाट मावतो; इकडे येतं ते फक्त बिल. त्यात राज्याच्या २०१६ च्या कायद्याचं १६ टक्के वीज शुल्क. तेही विजेवर, धुरावर नव्हे.

२०२० साली राज्याने 'माझी वसुंधरा' अभियान काढलं. त्यात पंचमहाभूतांपैकी अग्नी म्हणजे ऊर्जा. एकेकाळी विम्कोच्या काड्यापेट्या बनवणाऱ्या शेजारच्या अंबरनाथला अग्नी निराळा शिकवायला नको. मग २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. छपरावर तीन किलोवॉटचा संच बसवा, ७८,००० रुपये अनुदान घ्या. योजना उत्तम, पण तिला हवं स्वतःचं छप्पर. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत आमच्यासारख्यांच्या नशिबी चोवीस बिऱ्हाडांत एक गच्ची!

सोसायट्यांना सामाईक दिवे-लिफ्टसाठी किलोवॉटमागे १८,००० मिळतात, म्हणून सभा भरली. आमची गच्ची पावसाळ्यात गळते, तेव्हा ती सर्वानुमते सातव्या मजल्याची असते. अनुदानाचं नाव निघताच ती चोवीस जणांची झाली.

"आधी डांबर घाला, मग सूर्य आणा," सातव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

"मी लिफ्ट वापरत नाही," तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "माझ्या वाट्याचं ऊन मला वेगळं द्या."

हसू नका. जगाच्या परिषदांतही हाच वाद चालतो. आकाश भरताना ते सगळ्यांचं. निस्तरायची वेळ आली की शेजाऱ्याचं. ज्याच्या डोक्यावर ते गळतं, त्याने वर्गणी मागितली की बाकीच्यांना लोकल गाठायची असते.

मी सभेला सांगितलं, की नक्त शून्य उत्सर्जनासाठी भारताने २०२१ साली ग्लासगोत २०७० ची मुदत जाहीर केली आहे. सेक्रेटरींचा चेहरा उजळला.

"मग घाई नाही," ते म्हणाले. "डांबराचा विषय पुढच्या सभेत घेऊ."