डावा पाय

बारशाला नाव सुचवण्याखालोखाल मध्यमवर्गीय माणसाला फुकट सल्ले कशाबद्दल मिळत असतील, तर ते छोट्या मोटारीबद्दल. घर घेताना लोक फारसे बोलत नाहीत. कर्जाचा आकडा ऐकूनच गप्प होतात. पण मोटार घ्यायची म्हटली, आणि तीही लहान, स्वस्त, कमी तेल पिणारी, की ज्याने उभ्या आयुष्यात सायकलची साखळीसुद्धा बसवलेली नाही असा गृहस्थही चहाचा कप खाली ठेवतो आणि गंभीर चेहऱ्याने विचारतो, "ॲव्हरेज किती देते?"

आमच्या जुन्या मारुती ८०० ला २०२३ साली पंधरा वर्षे पूर्ण झाली आणि ती भंगारात गेली. वडील बंधूंनी वापरून मग आम्हाला दिलेली ती गाडी. तिला चार गिअर होते आणि पाचवा असल्यासारखा आवाज होता. त्यानंतर स्कूटर, रिक्षा आणि पी.एम.पी.ची बस यांवर आमचे चालले होते. पण २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि आमच्या घरात दोन वर्षे नुसता धुमसत असलेला हा विषय एकदम पेटला. रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांच्या आत बसेल अशी गाडी घ्यायची, इथवर सर्वांचे एकमत झाले. मतभेद झाला तो पुढच्या प्रश्नावर. गिअरची की बिनगिअरची?

शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "गिअर न टाकता गाडी चालवायची म्हणजे फोडणीशिवाय वरण!" वडील बंधूंनी फोनवर निकाल दिला, "ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी. तुला अजून पन्नाशी लागायचीय." आणि आमच्या स्टाफरूममधील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून मला चक्क हिशेब मांडून दाखवला.

तो हिशेब इथे देतो, कारण तो अनेकांच्या उपयोगी पडेल. आमचे फिरणे महिन्याला फार तर पाचशे किलोमीटर. आईला डॉक्टरांकडे न्यायचे, लग्नकार्याला जायचे, वर्षातून दोनदा ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचे, बस्स. शहराच्या गर्दीत पेट्रोलची गाडी लिटरला अठरा किलोमीटर जाईल असे धरले, तर महिन्याला अठ्ठावीस लिटर, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये. तीच गाडी सी.एन.जी.वर किलोला पंचवीस गेली, तर वीस किलो, म्हणजे अठराशेच्या आसपास. महिन्याला अकराशे-बाराशे वाचले. पण सी.एन.जी.च्या गाडीला सुरुवातीलाच सुमारे नव्वद हजार जास्त मोजावे लागतात. ते फिटायला साडेसहा-सात वर्षे लागणार, आणि तोवर डिकीत सिलिंडर असल्यामुळे कोकणातून येताना फणस मांडीवर घ्यावा लागणार. "रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याने सी.एन.जी. घ्यावा," प्राध्यापक म्हणाले, "तुमच्यासारख्याने नव्हे."

विजेच्या गाडीचाही विचार झाला. २०२२ च्या सप्टेंबरात टाटांनी टियागोची विजेवरची गाडी ८.४९ लाखांपासून आणली, तेव्हापासून ती माझ्या मनात होती. विजेच्या गाडीत गिअर बदलण्याची भानगडच नसते. मोटर आणि चाके यांच्यामध्ये एकच ठरलेले प्रमाण. सगळा वादच मिटला असता! पण आमची सोसायटी जुनी. गाडी लावायची जागा मीटरच्या खोलीपासून पार दुसऱ्या टोकाला. मधून वायर न्यायची तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागणार, आणि आमच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीचा ठराव अजून मंजूर व्हायचा आहे. शिवाय आकडाही सात लाखांच्या वर जात होता. तो विषय पुढच्या गाडीवर टाकला.

राहता राहिली साधी पेट्रोलची गाडी, आणि तिच्यातले हे दोन प्रकार. मी रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला लोक वेताळ टेकडी म्हणतात, आणि एआरएआयची टेकडीही म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली ही मोटारींच्या संशोधनाची संस्था तिथेच आहे. जाहिरातीत छापतात ते ॲव्हरेजचे आकडे असल्याच संस्थेच्या दाखल्याने येतात. म्हणजे साऱ्या देशातले लोक ज्या आकड्यांवरून भांडतात, त्यांच्या कुंपणाशेजारून मी इतकी वर्षे चालत होतो आणि मला पत्ता नव्हता! वॅगनआरचे आकडे पाहिले. एक हजार सी.सी.च्या इंजिनाला हाताने गिअर टाकायच्या गाडीत २४.३५, आणि आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीत २५.१९. ऑटोमॅटिक गाडी तेल जास्त पिते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इथे तर उलटेच!

याचे कारण असे, की ही स्वस्तातली ऑटोमॅटिक खरी वेगळी यंत्रणा नव्हेच. आपल्याकडे ती २०१४ साली सेलेरिओबरोबर आली. गिअरबॉक्स तोच, क्लचही तोच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला आत एक यांत्रिक गडी ठेवलेला आणि त्याला हुकूम द्यायला एक छोटा संगणक. हा गडी वक्तशीर असतो. आपण गप्पांच्या नादात दुसऱ्या गिअरवर गाडी ओरडवत नेतो, तो वेळीच तिसरा टाकतो. त्यामुळे तेल वाचते. मात्र तो गिअर बदलतो तेव्हा मान किंचित पुढे जाते, घाईत पुढच्याला मागे टाकायचे असले तर तो विचारात पडतो, आणि त्याचा पगार म्हणून खरेदीच्या वेळीच पंचेचाळीस-पन्नास हजार रुपये एकदम द्यावे लागतात.

या पन्नास हजारांवर मी अडून बसलो. घाटात गाडी आपल्या ताब्यात हवी, असे मी म्हणालो. बॅटरी बसली तर गिअरची गाडी ढकलून चालू करता येते, असेही म्हणालो. आणि जी गोष्ट स्वतःचे दोन हात आणि दोन पाय करू शकतात तिच्यासाठी गडी कशाला, हा तर माझा बिनतोड मुद्दा होता. सगळी कारणे खरी होती. माणूस खरे कारण लपवायला नेहमी खरीच कारणे वापरतो.

खरे कारण सांगण्यासाठी मला २०१३ सालच्या पावसाळ्यात जावे लागेल. आमच्या हिने तेव्हा नुकताच लायसन्स काढला होता. शिकवणाऱ्याने तिला माझ्यापेक्षा चांगली शिष्या म्हटले होते, आणि ते मला फारसे आवडले नव्हते. एका रविवारी मुळशीला जाताना गाडी तिच्या हातात होती. पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढताना वाहनांची ही रांग! चढावर, अर्ध्या क्लचवर, एकेक हात पुढे सरकायचे. तिसऱ्या की चौथ्या वेळी गाडी बंद पडली आणि वीतभर मागे आली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात उचलला नाही. ती किल्ली फिरवत होती, गाडी गचका देऊन पुन्हा बंद पडत होती, आणि मी शेजारी बसून, सहा वर्षांच्या मुलीच्या देखत, ओरडलो, "उतर खाली! तुझं काम नाही हे!"

ती उतरली. भर पावसात गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसली. मी गाडी चालू केली, पहिला टाकला आणि ऐटीत निघालो. मुळशीला आम्ही भजी खाल्ली, फोटो काढले. त्या दिवसापासून तिने गाडीला हात लावला नाही, आणि मीही कधी 'लाव' म्हटले नाही. सोयीचेच होते ते. घरात एक तरी गोष्ट अशी होती की जी फक्त मला येत होती.

चांदणी चौकातला तो जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला. आमच्या घरातला चढ मात्र तसाच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात, रात्री दोनच्या सुमारास, माझ्या पोटात मूतखड्याची कळ उठली. ज्यांनी ती अनुभवली आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ते खरे वाटणार नाही. गाडी खाली उभी होती. हिने किल्ली घेतली आणि काही न बोलता खाली गेली. मी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो. खालून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा. पुन्हा सुरू झाल्याचा, पुन्हा बंद झाल्याचा. मग काही वेळ काहीच नाही. अर्ध्या तासाने रिक्षा मिळाली. रिक्षात माझे डोके खांद्यावर घेऊन ती हळूच म्हणाली, "माफ करा हं मला."

मी वर्गात शक्य क्रियापद शिकवतो. एखाद्या गोष्टीचे ज्ञान असणे वेगळे आणि ती करण्याचे सामर्थ्य असणे वेगळे, हे मराठी किती सुंदर रीतीने दाखवते, असे दरवर्षी मुलांना सांगतो. तिला गाडी चालवता येत होती; तिच्याने ती चालववत नव्हती. त्या दोन वाक्यांमधले अंतर मी पाडलेले होते, आणि माफी तिने मागितली होती.

एवढे होऊनही तीन वर्षांनी मी शोरूममध्ये जाऊन बसलो तो गिअरचीच गाडी घ्यायची म्हणून. तिथल्या तरुण विक्रेत्याने फॉर्म भरता भरता सहज विचारले, "गाडी चालवणार कोण?"

"मी," मी म्हणालो.

"आणि आई?" आमची कन्या म्हणाली. ती आता कॉलेजात आहे. त्या पावसातले तिला काय आठवते आणि काय आठवत नाही, हे विचारण्याचा धीर मला झालेला नाही.

ही रंगांचा तक्ता पाहण्यात गुंतली होती, किंवा तसे दाखवत होती. "गिअरचीच घ्या," ती तक्त्यावरून नजर न काढता म्हणाली. "उगीच माझ्यापायी पन्नास हजार कशाला घालवायचे?"

उगीच. माझ्यापायी. बारा वर्षांपूर्वी मी पेरलेले वाक्य तिच्या तोंडून असे उगवून आले. मी विक्रेत्याला म्हटले, "ऑटोमॅटिक दाखवा. चालवून बघायला ही बसेल." आणि तो किल्ली आणायला गेला तेवढ्यात, तिच्याकडे न पाहता, जे फार पूर्वी म्हणायला हवे होते ते म्हणालो, "त्या दिवशी चुकलं माझं."

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी बंद पडली ते मी दुसऱ्या दिवशीच विसरले होते."

विक्रेता पुढे बसायला निघाला होता. मी त्याला विनवून मागे बसवले. नव्या पुलाच्या बाजूने चढावर आलो आणि रांग लागलीच. पूल बदलले तरी पुण्यातली रांग बदलत नाही. हिने ब्रेक दाबला. पुढची गाडी सरकली, हिने ब्रेक सोडला. या गाडीत चढावर क्षण-दोन क्षण मागे न जाऊ देणारी सोय असते, पण ते हिला कुठे ठाऊक? ती तेवढ्यातच घाबरून पुन्हा थांबली. मागून हॉर्न वाजला. माझा डावा पाय खालचा गालिचा जिवाच्या आकांताने दाबत होता. तिथे क्लच नव्हता. माझ्या बाजूला तर काहीच नव्हते. मी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेरच्या टेकड्या पाहू लागलो. हिने ॲक्सिलरेटर हलकेच दाबला, गाडीने मान किंचित हलवली आणि निमूटपणे चढ चढून गेली.

वर सपाटीला आल्यावर ती म्हणाली, "अहो, इतके गप्प का?"

"बोलायचं नाही असं ठरवलंय."

"बरं. पण डावीकडून कुणी येतंय का, तेवढं तरी सांगा!"

गाडी घेतली. आईला डॉक्टरांकडे आता बहुधा हीच नेते. शहरात लिटरला सतरा-अठरापेक्षा जास्त काही ती देत नाही, पण हिच्या हातून माझ्यापेक्षा किलोमीटरभर जास्तच देते. कारण तिचा पाय हलका आहे. मी चालवतो तेव्हा माझा डावा पाय बेकार होऊन एका बाजूला पडून असतो. ती चालवते तेव्हा मात्र त्याला अजून कामे सुचतात. चढ आला की तो आपोआप उचलला जातो. मग मी त्याच्यावर उजवा पाय टाकून बसतो आणि डावीकडे बघून सांगतो, "कोणी नाही. जाऊ दे."